वरची टाकी

आमच्या आबांना "लाईट भरी ठेवा" असं म्हणायची सवय. पाणी नाही, लाईट. मी शाळेत होते तेव्हा यावरून त्यांना खूप हसायचे, आबा लाईट कुठं भरून ठेवता येते का, पाणी म्हणा. ते म्हणायचे तेच ते. आता मी स्वतः धुळ्यात पोरांना विज्ञान शिकवते आणि स्थितिज ऊर्जेचा धडा आला की दरवर्षी न चुकता मला हे आठवतं, आणि दरवर्षी थोडं लाजल्यासारखं होतं, कारण आबा बरोबर होते.

माहेर शिरपूर तालुक्यात. ओट्यावर बसलं की उत्तरेला सातपुडा. उन्हाळ्यात धुरकट, पाऊस उघडला की इतका जवळ येतो की वाटतं चालत जाऊन जेवायच्या वेळेला परत येऊ. शेतात कापूस, थोडी केळी, एका वर्षी पपई (त्या वर्षाबद्दल घरात कोणी बोलत नाही). शेतीची लाईट कशी येते ते खेड्यातल्या माणसाला सांगायला नको, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या आठवड्यात थ्री फेज कधी बाराला यायची कधी एकला, आणि आबा उशाशी बॅटरी ठेवून झोपायचे. आमच्याकडे बॅटरी म्हणजे टॉर्च, हे आधीच सांगून ठेवते, पुढं गोंधळ नको. बॅटरी, काठी, पायात बूट, कारण साप. आई दार लावून घ्यायची पण झोपायची नाही. पंप चालू झाल्याचा आवाज वाऱ्यावर घरापर्यंत यायचा, तो आला की मग ती कुशीवर वळायची.

आता केळीला काही रात्री एक वाजताच तहान लागत नाही. आणि विहीर तर अशी की चार तास उपसली की बुड दिसतं, मग तिला झिरपायला वेळ द्यायचा. म्हणजे लाईटीची वेळ वेगळी, विहिरीची वेगळी, पिकाची तिसरीच. या तिघांचं जमवायचं कसं? आबांनी शेततळं खणलं, आणि ते खणलं कुठं तर शेताच्या सगळ्यात वरच्या अंगाला, मुरमाड टेकाडावर, जिथं बोरीशिवाय काही उगवत नव्हतं. गावातले म्हणाले खाली खणा की, पावसाचं पाणी आपोआप येईल. आबा म्हणाले आपोआप आलेलं पाणी आपोआप वर जात नाही. मग काय, लाईट आली की मोटर चालू, विहिरीतून पाणी टेकाडावर, आणि सकाळी सात वाजता फक्त कॉक फिरवायचा. लाईट असो नसो, पाणी आपल्या वजनानं खाली येतं, ठिबकाच्या नळ्यांमधून थेंब थेंब. एक किलो प्रेशर म्हणजे दहा मीटर उंची, आमचं तळं खालच्या शेतापेक्षा बारा मीटर वर, म्हणजे जेमतेम पण चालतंय.

बारा मीटरवर नेऊन ठेवलेली लाईटच ना ती.

वर्गात मी याचा हिशोब करून दाखवते कारण पोरांना "ऊर्जा" म्हटलं की झोप येते आणि "बिल" म्हटलं की जाग. गच्चीवरची १००० लिटरची काळी टाकी घ्या, जमिनीपासून दहा मीटर वर. तिच्यात किती वीज साठली? पोरं म्हणतात दहा युनिट, वीस युनिट, एकदा एकाने शंभर सांगितले. उत्तर आहे ०.०२७ युनिट. म्हणजे नऊ वॅटचा एक एलईडी बल्ब तीन तास. बस. एवढी मोठी टाकी, एवढं पाणी वर चढवताना मोटर एवढी ओरडते, आणि तीन तास एक बल्ब! आमच्या शेततळ्यात ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या मापाने, कडेचे उतार धरून, साधारण २० लाख लिटर पाणी बसतं, ते बारा मीटर वर, म्हणजे ६५ युनिट. आमच्या धुळ्यातल्या घराचं पंधरा दिवसांचं भागेल एवढं. आता इलेक्ट्रिक स्कूटर घ्या, सीटखालच्या डब्यात तीन युनिट धरू. तेवढी वीज गच्चीवरच्या टाक्यांमध्ये ठेवायची म्हटलं तर ११० टाक्या लागतील. सीटखालच्या एका डब्याला ११० टाक्या, एवढी पाण्याची ताकद कमी.

मग कोणी विचारेलच की पाण्यात वीज साठवायचा हा उद्योग लोक करतात तरी कशाला. तर पाणी फुकटच्या भावात असतं, खूप असतं, आणि डोंगर आधीच उभा असतो. उंची वाढवली की हिशोब पालटतो. ३६७ मीटर वर नेलेलं १००० लिटर पाणी म्हणजे बरोबर एक युनिट. हा आकडा मी पोरांना पाठ करायला लावते, परीक्षेत येत नाही, तरी लावते.

हे एवढं सगळं आत्ता कशासाठी, तर आमच्या खान्देशात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वरून वीज पडायला लागलीय. म्हणजे ऊन आणि वारा. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा आम्ही लग्नाला जाताना गाडी थांबवून फोटो काढायचो, आता कोणी मान वर करून बघत पण नाही. त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. ऊन तर आमच्याकडे एवढं की ते विकून पैसे मिळाले असते तर जळगाव-धुळे सोन्यानं मढवलं असतं, मे महिन्यात ४५ डिग्रीत डांबराला चप्पल चिकटते.

पण ऊन दुपारी. आणि आपण घरी येतो संध्याकाळी. सात वाजता सगळ्यांचे दिवे, टीव्ही, मिक्सर, कूलर, पाण्याच्या मोटारी एकदम, आणि नेमका तेव्हाच सूर्य गेलेला. वाऱ्याचं तर त्याहून नाटक. तो जोरात वाहतो जून ते सप्टेंबर, पावसाळ्यात, जेव्हा शेतकऱ्याला वीज नकोच असते. आणि रब्बीला गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचं तर साक्रीची ती पाती माझ्या सासऱ्यांसारखी, बसलेली, उठवली तरी उठत नाहीत. मग संध्याकाळ भागवायला भुसावळजवळचं दीपनगर, कोळसा. तिथला बॉयलर म्हणजे काही घरातला गॅस नव्हे की लायटर मारला आणि पेटला. थंड पडला तर परत तापवून वाफ धरायला तासन्‌तास जातात. म्हणून तो दुपारी गरज कमी असली तरी मंद का होईना चालू ठेवायचा. एकीकडे दुपारची फुकटची वीज नको झालेली, दुसरीकडे कोळसा जळतोय, मला हे बघून लग्नातल्या पंगतीची आठवण होते, जेवण उतू जातंय आणि शेवटच्या पंगतीला भाजी संपलेली.

म्हणून आबांचं शेततळं. फक्त मोठं. दुपारची जास्तीची वीज घ्यायची, तिने खालच्या धरणातलं पाणी वरच्या धरणात चढवायचं, संध्याकाळी खाली सोडायचं, सोडताना त्यानेच टर्बाइन फिरवायचं. आबांचं पाणी केळीत जातं आणि संपतं, हे पाणी परत त्याच खालच्या धरणात येऊन पडतं, उद्या परत वर. पाणी तेच, रोज तेच, नुसतं वर-खाली.

आपल्या राज्यात हे बघायचं असेल तर घाटघर. दोन वर्षांपूर्वी शाळेची सहल भंडारदऱ्याला नेली होती तेव्हा हट्टाने बस पुढं घाटघरपर्यंत नेली, ड्रायव्हरदादा खूप कुरकुरले. वरचा तलाव अकोले तालुक्यात, प्रवरेच्या उगमाकडच्या पाण्यावर, आणि खालचा तलाव कोकणात, शहापूर तालुक्यात, मध्ये सह्याद्रीचा सरळ तुटलेला कडा, साधारण चारशे मीटरचा. डोंगराच्या पोटात पॉवर हाऊस, १२५ मेगावॅटची दोन मशीन, २००८ पासून चालू. भारतात रोलर फिरवून दाबलेल्या काँक्रीटची धरणं पहिल्यांदा इथं बांधली. पॉवर हाऊस आम्हाला काही बघायला मिळालं नाही, आणि कड्यावर असं धुकं की खालचा तलावही नाही. चाळीस पोरं रेलिंगला टेकून पांढऱ्या धुक्याकडे बघतायत आणि मी सांगतेय की बाळांनो इथून खाली कोकण आहे. एक पोरगा म्हणाला मॅडम तुमच्यावर विश्वास ठेवतो.

तिथं मला सगळ्यात जास्त जे आवडतं ते म्हणजे मशीन एकच. वर चढवणारा पंप वेगळा आणि वीज बनवणारं टर्बाइन वेगळं असं नाही, एकच चाक, एका बाजूला फिरलं की पंप, उलटं फिरलं की जनित्र. पोरांना हे पटत नाही. शेतकऱ्याच्या पोरांना मात्र लगेच पटतं, कारण त्यांनी ते बघितलेलं असतं. विहिरीतला फुटबॉल खराब झालेला असला (खरं नाव फूट व्हॉल्व्ह, पाइपाच्या बुडाची, पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप, पण फुटबॉल सोडून दुसरं काही म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही) आणि लाईट गेली, की पाइपात वर चढलेलं पाणी धाडकन परत विहिरीत येतं, आणि येता येता मोटरीला उलटं फिरवतं, गरगर, वायरीत करंट नसताना. लहानपणी मला त्या आवाजाची भीती वाटायची. आबा म्हणायचे पाणी रागावलंय. त्या उलट्या फिरण्याला वायर जोडून घेतली की झालं घाटघर, अगदी तंतोतंत नाही पण मूळ गोष्ट तीच.

यंदा दिवाळीला गेले तेव्हा हे सगळं मी आबांना आणि भावाला नीट समजावून सांगितलं. जेवणं झाली होती, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी, अशा जेवणानंतर माणूस काहीही ऐकून घेतो. आबांनी एकच विचारलं, शंभर युनिट वर नेले तर परत किती येतात? म्हटलं पंचाहत्तर, फार तर ऐंशी. पंपात थोडी जाते, पाइपात घासून थोडी, जनित्रात थोडी.

"मंग हाऊ ते घाटाना धंदा शे."

घाट्याचा, म्हणजे तोट्याचा. मी काही बोलायच्या आत भाऊच म्हणाला, आबा, आणि कांदा चाळीत ठेवतो तो? झालं, यापेक्षा चांगलं मला दहा वर्षं शिकवून सुचलं नव्हतं. चाळीत शंभर क्विंटल कांदा टाकला तर काही सुकतो, काही सडतो, काही कोंब धरतो, घट ही येणारच. तरी टाकतो कारण एप्रिलचा भाव आणि सप्टेंबरचा भाव एक नसतो. दुपारची वीज एप्रिलचा कांदा आहे. सात वाजताची वीज सप्टेंबरचा. आबा थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, सप्टेंबरात पण कधीकधी भाव पडतो. ते पण खरंच.

हे काही नवीन शोध वगैरे नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये शाफहाउझेन नावाच्या गावी १९०९ पासून असं केंद्र चालू आहे. ब्रिटनमध्ये वेल्सच्या डोंगरात डिनॉर्विगला १९८४ साली एक उघडलं, तिथली मशीन फिरत तयार ठेवलेली असतील तर १२ सेकंदात १३२० मेगावॅट देतात. बारा सेकंद! तिथं टीव्हीवरची लोकप्रिय मालिका संपली की अख्खा देश एकदम उठून चहाची किटली लावतो आणि त्या धक्क्याला हे केंद्र कामी येतं. आपल्याकडे मालिका संपली तरी चहा आपण नाही टाकत, दुसरी मालिका लावतो. अमेरिकेत बाथ काउंटीचं ३००० मेगावॅटचं १९८५ पासून, आता चीनने फेंगनिंगला ३६०० मेगावॅटचं उभं केलंय. भारतात तमिळनाडूत कदमपराई, बंगालमध्ये पुरुलिया, तेलंगणात श्रीशैलमचा डावा काठ. आणि हे मला उशिरा कळलं, पैठणच्या जायकवाडीला सुद्धा १२ मेगावॅटचं एक छोटं उलटसुलट मशीन आहे. नाथसागरावर किती वेळा गेलेय, संत ज्ञानेश्वर उद्यानातली कारंजी बघून परत आलेय.

आणि पंप नसला तरी धरण ही साठवण असतेच की. कोयनेचंच बघा, १९६० मेगावॅट, पण पश्चिमेला सोडायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा. मग शहाणपणा हाच की दुपारी ऊन आहे तोवर कोयना दमानं घ्यायची, पाणी जपायचं आणि संध्याकाळी दार उघडायचं. न सोडलेलं पाणी म्हणजे पण भरून ठेवलेली लाईटच.

आता खान्देशात हे होईल का? भावाचा प्रश्न. २०२३ च्या जूनमध्ये राज्य सरकारने एनएचपीसी (केंद्राची जलविद्युत कंपनी) आणि टोरेंट पॉवर यांच्याशी १३ हजार मेगावॅटच्या अशा प्रकल्पांचे करार केले, त्यातली नावं बघितली तर सावित्री, काळू, कर्जत, मावळ, जुन्नर. सगळा सह्याद्री. साहजिक आहे, तिकडे कडा सरळ तुटतो, पाइप कमी लागतो, पाऊस भरपूर. आमच्याकडे तापी आहे पण ती सपाटीवरून जाते. हतनूरचे ४१ दरवाजे उघडले की पेपरात फोटो येतो, पण पाणी आहे म्हणून उंची येत नाही, आणि हतनूर गाळाने भरत चाललंय ते वेगळंच. गिरणेच्या पाण्यावर तर चाळीसगावपासून जळगावपर्यंत सगळ्यांचे डोळे, एक आवर्तन पुढं-मागं झालं तरी मोर्चे निघतात, तिथं कोण म्हणणार की थोडं पाणी वर-खाली खेळायला द्या. आमचे जुने लोक तर उलट डोक्याचे होते, पांझरेवर बंधारे घालून फड पद्धतीने तीनशे-चारशे वर्षं उतारावरून पाणी फिरवलं, मोटर नाही की काही नाही, पाटकरी नुसता चारीचं तोंड फोडायचा.

राहिला सातपुडा. पायथ्यापासून तोरणमाळपर्यंत चढताना कान बंद होतात, एवढी उंची. मी दिवाळीच्या त्या रात्री ओट्यावर बसून बोटाने दाखवत होते, आबा बघा, वर एक तळं, खाली एक तळं. आणि बोलता बोलता माझीच जीभ अडखळली.

कारण चार-पाच वर्षांपूर्वी वर्गात एक मुलगी होती, वसतिगृहात राहायची, तळोदा तालुक्यातल्या पुनर्वसन वसाहतीतली. मी त्या दिवशी मोठ्या उत्साहात सरदार सरोवर शिकवत होते, की बघा, नर्मदेवरच्या या धरणाच्या पायथ्याच्या वीजघरात २०० मेगावॅटची सहा मशीन आहेत, आणि ती सगळी उलटी फिरणारी बनवलेली आहेत, म्हणजे खाली गरुडेश्वरच्या बंधाऱ्यात अडवलेलं पाणी परत वर मोठ्या तलावात चढवता यावं. महाराष्ट्राचा विजेत वाटा २७ टक्के. फळ्यावर आकृती काढली, खाली एक चौकोन, खालची टाकी. वर मोठा चौकोन, वरची टाकी. ही मुलगी कधीच बोलायची नाही. तिने हात वर केला आणि म्हणाली, "मॅडम, आमचं जुनं गाव वरच्या टाकीत आहे."

तक्रारीच्या सुरात नाही. जसं एखादी सांगेल की आमचं घर स्टॅंडच्या मागं आहे, तसं. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली आपल्याकडची ३३ गावं त्या टाकीत येतात, मणिबेली त्यात पहिलं. ते मला माहीत होतं, माझ्या फळ्याला माहीत नव्हतं. मी "हो का" म्हटलं आणि पुढं शिकवलं, आता विचार केला की वाटतं खडू ठेवून खाली बसायला पाहिजे होतं तिच्या बाकावर, तिला विचारायला पाहिजे होतं गावात काय काय होतं. तास संपायला दहा मिनिटं होती, सिलॅबस राहिला होता, असलीच कारणं.

माझं मत विचाराल तर नदी अडवून मोठं धरण बांधण्यापेक्षा नदीपासून बाजूला, डोंगरावर आणि पायथ्याशी दोन छोटी तळी, एकदा पाणी भरायचं आणि उन्हाने उडेल तेवढं वर घालत राहायचं, हे बरं. बुडणारी जमीन फार कमी होते. पण कमी म्हणजे कोणाची तरी असतेच. डोंगरावर माणसं राहतात. नकाशात ती जागा हिरवी दिसते म्हणून रिकामी नसते, तिथं कोणाची ज्वारी-मका असतो, कोणाचं महूचं झाड असतं, वनहक्काच्या दाव्याची फाईल कुठल्यातरी कचेरीत पडलेली असते. विजेचा मनोरा त्यांच्या घरावरून जातो आणि घरात रॉकेलची चिमणी असते, असं नको, एवढंच. आधी त्यांची लाईट, मग आमचा कूलर.

भावाने गेल्या वर्षी सौर पंप घेतला. रात्रीचं जाणं बंद. आता दहा ते चार पंप चालतो, पाणी टेकाडावर जातं, आणि संध्याकाळी ऊन उतरलं की तो कॉक फिरवतो. वहिनी म्हणते पहिल्यांदा घरात सगळे एका वेळेला जेवतात. आबांची झोप मात्र त्या जुन्या वेळापत्रकावरच अडकलीय, एक वाजला की उठून बसतात, बॅटरी उशाशी असतेच.

त्या रात्री मी बोटाने सातपुडा दाखवून गप्प झाले तर आबांनी बराच वेळ तिकडेच बघितलं. मग म्हणाले,

"कितला उच्चा व्हई तो?"

म्हटलं, आपल्या टेकाडाच्या सत्तर-ऐंशी पट.

"पन आपला नही तो."

"नाही आबा."

तेवढ्यात भाऊ आला सांगत की तळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद परत एका कोपऱ्यात फाटलाय, बहुतेक कुत्रं उतरलं असणार पाणी प्यायला आणि वर चढताना नखं लागली, आणि पाणी वीतभर खाली गेलंय. आबा उठले, बॅटरी घेतली. मी म्हटलं सकाळी बघा आता, तर म्हणाले सकाळपर्यंत किती लाईट वाहून जाईल.

मी पण चप्पल घातली आणि मागं गेले.